चिकटपट्टीच्या भिंती

१

ज्या स्वयंपाकघरात मोठ्या सरांचा खून झाला, त्या स्वयंपाकघराला भिंती नव्हत्या.

नव्हत्या म्हणजे खरोखरच नव्हत्या. ऑफिसच्या मागे एक बिनखिडक्यांचं गोदाम होतं आणि त्याच्या सिमेंटच्या जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने एका घराचा नकाशा खऱ्या मापात आखलेला होता. पट्टी म्हणजे भिंत, पट्टी तुटली की दार. आत खरा पलंग, खरं कपाट, प्लायवूडचा ओटा. वस्तीतल्या लोकांसाठी घरं बांधायची तर आधी असं घर आखायचं, तिथल्या बायकांना त्यात दिवसभर वावरू द्यायचं, कुठे अडतं ते बघायचं आणि मगच नकाशा पक्का करायचा, अशी या आर्किटेक्ट मंडळींची पद्धत. ऑफिसात याला खोटं घर म्हणत. मी राहते त्या पोलीस क्वार्टरमध्ये फ्रिज उघडला की स्वयंपाकघराचं दार लागत नाही. आमच्यासाठी कुणी पट्टी लावली नसावी.

मोठे सर ओट्यापाशी पालथे पडले होते. पाठीत वार, मानेत वार, उजवा पंजा पात्यावर झडप घातल्यासारखा चिरलेला. वार किती ते मोजायचं काम मी डॉक्टरांवर सोडलं. मारणारा नुसता मारत नव्हता, तो थांबायला तयार नव्हता. ओट्यावरचा छोटा दिवा झटापटीत खाली पडून फुटला होता. बरगडीत अजून सुरी रुतलेली होती. तिच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला होता.

"अक्काची सुरी," हवालदार म्हणाले. "वस्तीची पुढारी आहे. काल दुपारी सगळ्यांसमोर बोलली, घराचा एक कोपरा जरी कापलास तर तुला कापीन म्हणून. केस सोपी आहे मॅडम."

हवालदारांची केस सोपी झाली की मी ती पहिल्यापासून तपासायला घेते.

जमिनीवर रक्ताचे ठसे होते, पण बिनचेहऱ्याचे. फरशी मळू नये म्हणून शटरपाशी कापडी पिशव्यांसारखे मोजे ठेवलेले असत आणि येणारा प्रत्येक जण ते बुटांवर चढवत असे. सगळ्यांना एकच माप. त्यामुळे पाय बाईचा की बाप्याचा, काही कळेना. मी त्या ठशांच्या बाजूने चालत गेले. प्रेतापासून शटर समोर दिसत होतं. मधे भिंत नाही, काही नाही, फक्त एक पांढरी रेघ. पळणारा माणूस सरळ ती ओलांडून गेला असता.

हे ठसे सरळ गेले नव्हते. ते स्वयंपाकघरातून बाजूच्या हॉलमध्ये गेले होते, हॉलभर चालले होते आणि पट्टी जिथे घराच्या मुख्य दारासाठी तुटली होती, बरोबर तिथूनच बाहेर पडले होते. हात रक्ताने माखलेले असताना हा माणूस एका नसलेल्या घराच्या नसलेल्या दारातून निघाला होता.

२

मी कोठडीत पोचले तेव्हा अक्काचा ओठ फाटलेला होता. रात्रपाळीच्या बाईने "जरा विचारपूस" केली होती. त्या बाईला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"सुरी तुमची?"

"माझीच. त्यांच्या ऑफिसातल्या सुरीने टोमॅटोसुद्धा कापला जात नव्हता, म्हणून घरची नेली. भांड्यांच्या टोपलीत होती, शटरच्या आत."

"संध्याकाळी परत गेला होता?"

"टोपली आणायला गेले. म्हातारा एकटाच होता. पुन्हा भांडलो. डोकं फिरलं, तशीच निघून आले. टोपली तिथंच राहिली." तिने ओठ पुसला. "तेव्हा जिवंत होता पोलीसबाई. माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता."

"एवढा राग कशाचा?"

अक्का भिंतीला टेकून बसली. मग तिने सांगितलं. याच ऑफिसने आधी एक वसाहत बांधली होती. मागच्या महिन्यात तिथला जिना कोसळला. अक्काची धाकटी बहीण कडेवर लेकरू घेऊन त्यावरून उतरत होती. दोघांना एकाच चादरीत गुंडाळून आणावं लागलं.

"आणि त्याच माणसाकडून तुम्ही घर घेणार होता?"

"दुसरं कोण देतंय? परवा सुनावणी आहे. तिथं हा नकाशा पास झाला तर आम्ही आहे त्या जागी राहू, नाहीतर आम्हाला उचलून शहराबाहेर टाकणार. सगळी वस्ती माझ्या तोंडाकडं बघतेय. आता मी इथं आणि म्हातारा मेला. बोलणार कोण?"

मी तिला ठशांबद्दल काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, त्या पट्ट्या ओलांडायला त्रास व्हायचा का.

ती पहिल्यांदाच हसली, फाटका ओठ सांभाळत. "त्रास कसला? चिकटपट्टीला कोण भिंत मानतंय? आम्ही बायका सरळ ओलांडून जायचो. म्हातारा उलट खूश व्हायचा. आम्ही जिथून ओलांडू तिथं खडूनं खूण करायचा. म्हणायचा, तुमचे पाय मला दार दाखवतात."

बाहेर धाडकन आवाज झाला. वस्ती ठाण्यावर चालून आली होती. पहिला दगड माझ्या खिडकीतून आत आला, दुसरा हवालदारांच्या खांद्यावर. पुढचा तासभर लाठ्या चालल्या. एका म्हाताऱ्याचा हात मोडला, आमच्या एका पोराचा डोळा थोडक्यात वाचला. सगळं शांत झाल्यावर साहेबांचा फोन आला.

"सुनावणीच्या आत आरोपपत्र करा आणि त्या बाईला आत टाका. शहर पेटलं तर मी तुमचं नाव पुढे करीन."

मी जी सर म्हटलं. ते म्हणायला काही लागत नाही.

३

मोठ्या सरांचं घर आणि ऑफिस एकच कुटुंब चालवत होतं. धाकटे सर म्हणजे त्यांचा भाऊ, इमारतीचा सांगाडा बघणारा. मुलगी आर्किटेक्ट. जावई साइटवरची कामं पाहायचा. बाकीचा ऑफिसवर्ग त्या संध्याकाळी सरकारी कचेरीत नकाशे घेऊन तिथल्या अधिकाऱ्यासमोर ताटकळत बसला होता, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

प्रेत सापडलं ते मुलीला. तिच्या कुडत्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत लाल होत्या.

"मी बाबांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं," ती म्हणाली. "घ्यायला नको होतं ना?"

"घ्यावंसं वाटतं."

तिने मान हलवली. बापाच्या खुर्चीत न बसता ती शेजारच्या स्टुलावर बसली होती. मी विचारलं, ऑफिसातली माणसं त्या पट्ट्या ओलांडतात का?

"छे. बाबांनी फाडून खाल्लं असतं. वस्तीतल्या लोकांना सगळं माफ, पण आपल्या माणसाने रेघेवर पाय ठेवला की हातातली मोजपट्टी टेबलावर आपटायचे. 'भिंत आहे ती! तू काय भूत आहेस?' मी लहानपणापासून ऐकलंय. आता रस्त्यावर कुणी खडूने चौकोन काढला तरी माझा पाय आपोआप वळसा घेतो."

म्हणजे अक्का सुटली, निदान माझ्यापुरती. मारणारा घरचा होता. पण मला एक गोष्ट छळत होती. त्या ठशांनी मुख्य भिंतीचा मान राखला, हॉलचा मान राखला, आणि एक पट्टी मात्र बेलाशक तुडवली होती. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली. तिथे दार नव्हतं. स्वयंपाकघराचं दार मागच्या बाजूला, पॅसेजमध्ये होतं.

"त्या मधल्या पट्टीचा एक तुकडा बाकीपेक्षा पांढरा आहे," मी म्हणाले.

"नवा आहे तो. आधी दार तिथे होतं. बायका सारख्या पॅसेजकडे ओलांडायच्या, म्हणून गेल्या आठवड्यात बाबांनी दार पॅसेजला नेलं आणि हॉलकडचं बंद केलं."

"जुन्या सवयीने कुणी तिथूनच गेलं तर?"

"जाणार नाही." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर बापाचा अभिमान आला. "दार हललं की बाबा सगळ्यांना ओळीने उभं करायचे आणि नव्या दारातून आत-बाहेर चालायला लावायचे. मी, काका, सगळे. 'डोक्याला कळून उपयोग नाही, पायांना कळू दे.' पाय दुखेपर्यंत. शिपायालाही सुट्टी नव्हती."

धाकटे सर शेजारच्या खोलीत होते. ऑफिसवरही दगड आले होते, त्यात कपाळ फुटलेलं, त्यावर रुमाल धरलेला. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"दादा सुनावणीत जिन्याचं खरं सांगणार होता. आपल्या ऑफिसची चूक आहे, असं सगळ्यांसमोर. मी म्हटलं, अरे, ऑफिस बुडेल, आपण सगळे तुरुंगात जाऊ. त्याने ऐकलं नाही."

"चूक कुणाची?"

"नाव सांगेना. म्हणाला, सुनावणीतच सांगेन."

"त्या दुपारी अक्काने धमकी दिली हे तुम्ही कुणाला सांगितलं?"

"जावयांना फोन केला होता. लांबच्या साइटवर आहेत, पंधरवडा झाला. म्हटलं, इकडे काय चाललंय ते कळू दे." त्यांनी रुमाल काढून रक्त बघितलं आणि तो परत दाबला. "तुम्हाला वाटतं मी दादाला मारलं?"

"तुमच्याकडे कारण आहे."

"आहे," ते म्हणाले आणि रडू लागले. एवढा मोठा माणूस असा तोंड न झाकता रडताना मी फार कमी वेळा पाहिला आहे.

४

जावई सकाळीच साइटवरून धावत आला होता. देखणा, मृदू बोलणारा, बायकोच्या खांद्यावरचा हात क्षणभरही न काढणारा. गोदामाला आमचं सील होतं, त्यामुळे तो आत गेलेला नव्हता.

"मला माफ करा, पण मी कशी मदत करणार? मी इथे नव्हतोच."

"तुम्ही जागा ओळखता. ते कसं झालं असेल, तुम्हाला काय वाटतं?"

तो विचारात पडला. अशा वेळी बांधकामातला माणूस हातानेच बोलतो. त्याने टेबलावर बोटाने घर काढलं.

"हा ओटा. बाबा काम करताना ओट्यावर छोटा दिवा ठेवायचे, बाकी सगळा अंधार. त्यांचं तोंड इकडे. आता हॉलमधून कुणी आत शिरलं तर ते बरोबर पाठीमागे येतं. अक्का हॉलमधून आली असेल. त्यांना कळलंही नसेल." त्याने बोट उचललं. "मी मागे लागलो होतो, वस्तीतल्या लोकांना आत एकटं सोडू नका. ते म्हणायचे, घर त्यांचंच आहे."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं की खोटं, मला सांगता येणार नाही. पण त्याच्या बोटाने टेबलावर जे दार ठेवलं होतं, ते आता त्या घरात नव्हतं.

मी साहेबांना फोन लावला आणि एक दुपार मागितली.

"कशाला?"

"अंधार करायचाय, सर."

पलीकडून ज्या शिव्या आल्या त्या मी होकार समजले.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही गोदामाचं शटर पाडलं. खिडकी एकही नाही. आतला अंधार असा होता की स्वतःचा हात दिसेना.

तिघांना मी ऑफिसमधून डोळे बांधून आणलं होतं, ओट्यापाशी उभं केलं होतं आणि शटर पडल्यावरच त्यांचे डोळे सोडले होते. कापडी मोज्यांच्या तळव्यांना खडूची भुकटी लावलेली. ठशांचा नकाशा फक्त माझ्या खिशात होता. मुलीने ते ठसे पाहिले होते, पण बापाला मांडीवर घेतलेली मुलगी रेघा मोजत बसत नाही.

मी शटरपाशी उभी राहिले. "एकेकाने माझ्या आवाजाच्या दिशेने यायचं. घाई करायची. मी तुम्हाला मारणार आहे असं समजा."

आधी मुलगी आली. मग धाकटे सर, कुठेतरी कपाटाला ठेचकाळत. मग जावई. त्याची पावलं सगळ्यांत भराभर आणि सगळ्यांत ठाम होती. एकदाही तो अडखळला नाही.

"दिवे," मी म्हणाले.

हवालदारांनी बटण दाबलं. जमिनीवर तीन पांढऱ्या वाटा उमटल्या होत्या. पहिल्या दोन स्वयंपाकघरातून मागे पॅसेजमध्ये गेल्या होत्या, तिथून वळून हॉलमध्ये, आणि मुख्य दारातून बाहेर. तिसरी स्वयंपाकघरातून थेट हॉलमध्ये घुसली होती, त्या नव्या पांढऱ्या पट्टीवरून. तिच्याखाली आधीचे ठसे होते, वाळून काळे पडलेले. खडूची पावलं रक्ताच्या पावलांवर जवळजवळ एकावर एक बसली होती.

धाकट्या सरांनी तोंडावर हात ठेवला.

"दिवा फुटल्यावर खुनी अंधारात होता," मी म्हणाले. "बाहेरचा असता तर सरळ शटरकडे धावला असता. त्याने भिंती पाळल्या, म्हणून तो या ऑफिसचा. पण दार मात्र त्याने जुनं वापरलं. या ऑफिसातल्या प्रत्येकाच्या पायांना मोठ्या सरांनी नवं दार शिकवलं होतं. फक्त एकाच्या पायांना नाही, कारण तो तेव्हा साइटवर होता."

जावई शांतच होता. "मॅडम, मला जुनं दार आठवलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. यात गुन्हा काय?"

"काहीच नाही."

"त्या संध्याकाळी मी साइटवर होतो."

"नव्हतास," त्याची बायको म्हणाली.

ती ठशांकडे बघत होती. आवाज अगदी साधा होता, घरात भाजी संपली सांगावं तसा.

"मी संध्याकाळी साइटवर फोन केला होता. चौकीदार म्हणाला, साहेब दुपारीच जेवून गेले निघून. मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, दुसरी कुणी बाई असेल. देवा, मी दोन दिवस मनात म्हणतेय, दुसरी बाईच असू दे."

पट्टी कापायचा कटर हत्यारांच्या टेबलावर पडला होता. तो तिथे राहू दिला ही माझी चूक, आणि ती मी आयुष्यभर वाहणार आहे. त्याने कटर उचलला, तिला केसांनी धरून मागे ओढलं आणि पातं गळ्यावर फिरवलं. धमकी नाही, मागणी नाही. ती गप्प व्हायला हवी होती, एवढंच.

६

हवालदारांनी त्याच्या कोपरावर लाठी घातली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दुसरी लाठी तोंडावर बसली. तिसरी मी अडवली नाही. माझे दोन्ही हात तिच्या गळ्यावर होते आणि बोटांमधून गरम रक्त येतच होतं. धाकटे सर तिचं डोकं धरून एकच शब्द बोलत होते, "बाळा, बाळा, बाळा."

ती वाचली. पातं श्वासनळीला लागलं, मोठी शीर राहिली. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल की नाही सांगता येत नाही.

जावई तुटक्या दातांनी सगळं बोलला. जुन्या वसाहतीत जिन्याखाली दुकानाला जागा हवी म्हणून त्यानेच जिना पेलणारी तुळई काढून टाकली होती. मोठ्या सरांनी ते शोधून काढलं आणि त्याला फोनवर सांगितलं की सुनावणीत मी तुझं नाव घेणार. धाकट्या सरांकडून अक्काची धमकी कळली आणि तो गाडीत बसला. सुरी टोपलीत होती. सर त्याच्याकडे पाठ करून उभे होते.

मी त्याला एवढंच विचारलं, पहिल्या वारानंतर का थांबला नाहीस.

"ते माझं नाव घेत होते," तो म्हणाला.

अक्काला मी स्वतः कोठडीतून बाहेर आणलं. तिला एवढंच कळलं की म्हाताऱ्याला जावयाने मारलं. घरचं काही भांडण असेल, असं तिने धरलं. जिन्याचं मी बोलले नाही. खरं तर मला धीर झाला नाही.

सुनावणी पुढे ढकलली होती. नव्या तारखेला सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अर्धी वस्ती, वर्दीतले आम्ही, आणि वरच्या टेबलामागे निकाल देणारे अधिकारी. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की ज्या ऑफिसच्या जिन्याने माणसं मारली त्याच्या नकाशावर विश्वास ठेवायला त्यांना काही कारण दिसत नाही. वस्तीत कुजबुज सुरू झाली. बाया रडायला लागल्या.

तेव्हा मुलगी उठली. गळ्याला जाड पट्टी, चेहरा कागदासारखा पांढरा. धाकटे सर तिला हात द्यायला गेले, तिने तो बाजूला केला. माइकपाशी उभी राहून ओठ हलवले. काही ऐकू आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला आणि वेदनेने वाकली.

अक्का पहिल्या रांगेतून उठून तिच्याजवळ गेली. "माझ्या कानात सांग बाय," ती म्हणाली. "मी बोलते. माझा आवाज सगळ्या वस्तीला पुरतो."

मुलीने जोराने मान हलवली, नको म्हणून. तिने धाकट्या सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला कळलं की ती काय सांगणार आहे आणि ते कुणाच्या तोंडून येणार आहे. मी पुढे होऊ शकले असते. मी कानात ऐकून तेच सांगू शकले असते. पण अक्काने तोवर तिच्या कंबरेला हात घातला होता आणि कान तिच्या ओठांशी नेला होता.

मुलगी कुजबुजली. अक्का मोठ्याने म्हणाली, "माझे वडील आज इथे खरं सांगायला येणार होते."

रडणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

"जिना नकाशात बरोबर होता. ही नवी घरंही बरोबर आहेत. माझ्या वडिलांनी ती या बायकांच्या पावलांवरून आखली."

मुलीने डोळे मिटले आणि पुढचं वाक्य सांगितलं. ते लांब नव्हतं. अक्काचा चेहरा मला दिसत होता. आधी त्यावर काहीच झालं नाही. मग कंबरेवरचा हात सुटला. ती एक पाऊल मागे सरली आणि त्या मुलीकडे बघत राहिली, गळ्याच्या पट्टीकडे, त्यातून ओघळलेल्या लाल डागाकडे. मला वाटलं आता ती तिला मारणार, आणि मी अडवणार नव्हते.

"बाई, काय म्हणाल्या त्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "पुढचं सांगा."

अक्काने परत तिच्या कंबरेला हात घातला. माइककडे वळली. तिने घसा खाकरून साफ केला.

"जिन्याखालची तुळई," ती म्हणाली, एकही शब्द न बदलता, "माझ्या नवऱ्याने काढली."